इलेक्ट्रिक पिकअप ट्रेलर ओढतो, पण किती दूर?

मागच्या उन्हाळ्यात एका मित्राच्या इलेक्ट्रिक पिकअपमधून, मागे अडीच टनांचा कॅम्पर, म्हणजे राहण्याची सोय असलेला ट्रेलर जोडून, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरहून ग्रँड जंक्शनला जाण्याचा योग आला. अंतर 390 किलोमीटरांच्या आसपास होते. ट्रकची बॅटरी साधारण 130 किलोवॅट-अवरची, म्हणजे 130 युनिटांची असल्यामुळे ट्रेलर नसता तर हा रस्ता एका चार्जिंगमध्ये सहज पार झाला असता. कॅम्परसह मात्र आम्हांला वाटेत दोनदा थांबावे लागले आणि पोहोचायला साडेसात तास लागले. मित्राची ट्रकबद्दल तक्रार नव्हती, माझीही नाही. परंतु असा ट्रक घ्यावा की नाही, असे मला बरेच जण विचारतात आणि त्यांच्या मनातली चित्रे दोन टोकांची असतात. काहींना वाटते की इलेक्ट्रिक ट्रकला ओझे झेपतच नाही, तर काहींना माहितीपत्रकातला आकडा वाचून आता कुठलीच अडचण उरली नाही असे वाटते. दोन्ही समज चुकीचे आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ओझे झेपत नाही, हा समज आधी बाजूला करतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,600 मीटरवर आहे आणि आय-70 महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगदा 3,400 मीटरवर. या चढावर टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन विरळ हवेमुळे दमते, गिअर खाली उतरतात आणि आवाज चढत जातो. आमचा ट्रक त्या चढावर ट्रेलरसह इतक्या शांतपणे चढला की मागे काही जोडले आहे याची आठवण आरशात पाहिल्यावरच यायची. विद्युत मोटरला पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, जवळजवळ शून्य वेगापासून मिळतो आणि तिला हवेतील प्राणवायूची गरज नसते. पलीकडच्या उतारावर ब्रेकला पाय लावण्याची वेळ क्वचितच आली, कारण मोटर जनित्राचे काम करत वेग आवरत होती आणि बॅटरीत चार-पाच टक्के परत भरत होती. ट्रेलर ओढणाऱ्या माणसाला घाटाच्या उतारावर तापलेल्या ब्रेकची किती धास्ती असते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला या गोष्टीचे मोल कळेल.

ताकद पुरेशी आहे, हे आकडेही सांगतात. फोर्डच्या एफ-150 लाइटनिंगची ओढण्याची कमाल क्षमता 10,000 पौंड, म्हणजे साडेचार टन आहे. रिव्हियन आर1टी आणि टेस्ला सायबरट्रक यांची 11,000 पौंड, म्हणजे पाच टनांच्या जवळपास आहे. हा आकडा खरा असतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न वेगळा आहे. अमेरिकेत ही क्षमता ठरवण्यासाठी एसएई जे2807 नावाचे मानक वापरले जाते. त्यातली सर्वांत प्रसिद्ध चाचणी ॲरिझोनातील डेव्हिस डॅमच्या चढावर, म्हणजे सुमारे 18 किलोमीटरांच्या सलग चढणीवर बेतलेली आहे. अंश सेल्सिअसमध्ये चाळिशीच्या जवळ जाणाऱ्या तापमानात, एअर कंडिशनर पूर्ण चालू ठेवून, पूर्ण भाराचा ट्रेलर ओढत ठरावीक किमान वेग टिकवायचा. जोडीला वेग घेण्याच्या, वळण्याच्या आणि ब्रेकच्या कसोट्या असतात. इंजिन तापून बसण्याची भीती ज्या काळात होती, त्या काळासाठी ही कसोटी अगदी योग्य होती. एका टाकीत किती अंतर जाईल, हे तिने कधी विचारलेच नाही, कारण पेट्रोल पंप सगळीकडे होते.

दुसरीकडे, नव्या गाडीच्या स्टिकरवर छापलेला पल्ला, म्हणजे एका चार्जिंगमध्ये जाता येणारे अंतर, ट्रेलरविना मोजलेला असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या पद्धतीत ही मोजणी प्रयोगशाळेत रोलरवर होते आणि त्यात शहरातील वाहतुकीला 55 टक्के, तर महामार्गाला 45 टक्के वजन दिले जाते. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीचा 320 मैलांचा, म्हणजे 515 किलोमीटरांचा पल्ला असा आलेला आहे. म्हणजे ग्राहकाच्या हातात दोन खरे आकडे पडतात, एक ओढण्याचा आणि एक अंतराचा, आणि दोन्ही एकाच वेळी लागू आहेत असे तो स्वाभाविकपणे धरून चालतो.

आता मूळ कारणाकडे येतो. ट्रेलरचे वजन बॅटरी संपवते, असे बहुतेकांना वाटते. सपाट रस्त्यावर वजनाचा हिशेब फारसा मोठा नाही. तीन टनांच्या ट्रेलरच्या टायरचे घर्षण साधारण 300 न्यूटन धरले, तर दर किलोमीटरला त्यापायी एका युनिटचा जेमतेम बारावा भाग जातो. खरा खर्च वाऱ्याचा असतो. कॅम्पर म्हणजे अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी सपाट भिंत असते. तिचा काही भाग ट्रकच्या आडोशाला असला, तरी वरचा भाग आणि कडा उघड्या वाऱ्यात असतात, आणि मागे हवेचे जे भोवरे उठतात ते गाडीला सतत मागे खेचत राहतात. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे एकटा ट्रक जिथे किलोमीटरमागे पाव युनिटाहून किंचित जास्त वीज घेतो, तिथे उंच कॅम्पर जोडल्यावर महामार्गाच्या वेगाला हा खर्च अर्ध्या युनिटाच्या वर, बऱ्याचदा 0.6 च्या घरात जातो. 131 युनिटांची बॅटरी त्या हिशेबाने सव्वादोनशे किलोमीटरांच्या आतच रिकामी होते.

याच कारणामुळे जड पण बुटका ट्रेलर, उदाहरणार्थ नीट झाकलेली छोटी बोट, पल्ल्याला तेवढी मारक ठरत नाही, आणि आतून रिकामा असलेला उंच बंदिस्त ट्रेलर मात्र भरलेल्या ट्रेलरइतकाच जाच देतो. वेग ताशी 105 किलोमीटरवरून 90 वर आणला, तर हवेचा रोध पाव हिश्शाहून अधिक घटतो. ट्रेलर घेऊन जाणाऱ्याच्या हातात असलेला सर्वांत मोठा उपाय हाच आहे, आणि मागून मालवाहू ट्रक रांगेने पुढे निघून जात असताना तो अमलात आणायला बराच संयम लागतो.

डोंगरात वजन स्वतःचा वाटा मागते. आमचा ट्रक, कॅम्पर आणि माणसे मिळून सुमारे 5,800 किलोग्रॅम होत होते. एवढे वजन डेन्व्हरपासून बोगद्यापर्यंत 1,800 मीटर उचलायलाच 28 युनिटे लागतात, म्हणजे वारा आणि टायर यांचा खर्च सोडून बॅटरीचा पाचवा हिस्सा. उतारावर त्यातले काही परत मिळते, पण सगळे मिळत नाही, आणि चार्जर कुठे आहे यावर ते वेळेत मिळेल की नाही हे ठरते.

पेट्रोल ट्रकचेही मायलेज ट्रेलर लावल्यावर निम्म्यावर येते, हे इथे प्रामाणिकपणे सांगायला हवे. वारा दोघांनाही सारखाच अडवतो. फरक टाकीत आहे. एका अमेरिकी गॅलन पेट्रोलमध्ये 33.7 किलोवॅट-अवर ऊर्जा असते, म्हणजे लाइटनिंगची मोठी बॅटरी चार गॅलनांपेक्षाही कमी पेट्रोलाएवढी ऊर्जा साठवते. पेट्रोलच्या एफ-150 मध्ये 36 गॅलनांची टाकी मिळू शकते. इंजिन त्यातली दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते आणि मोटर फारच थोडी, म्हणून तर एवढ्याशा साठ्यावर इलेक्ट्रिक ट्रक 500 किलोमीटर जाऊ शकतो. पण ती काटकसर आधीच वापरून झालेली असते. वरून आलेला प्रत्येक जादा खर्च थेट पल्ल्यात दिसतो आणि तो भागवायला मागे मोठी शिल्लक नसते. पेट्रोल ट्रकचा पल्ला निम्मा झाला, तरी साडेपाचशे-पावणेसहाशे किलोमीटर उरतात आणि पुन्हा टाकी भरायला काही मिनिटे पुरतात.

प्रवासात प्रत्यक्ष वापरता येणारा पल्ला तर याहूनही लहान असतो. ट्रेलर मागे असताना बॅटरी पूर्ण संपेपर्यंत कोणी चालवत नाही, दहा टक्के हाताशी ठेवावे लागतात. वरच्या बाजूला 80 टक्क्यांनंतर बॅटरीच्या सुरक्षिततेसाठी चार्जिंगचा वेग घसरतो, त्यामुळे तिथेच निघणे शहाणपणाचे. उरले 70 टक्के, म्हणजे उंच कॅम्परसह दीडशे किलोमीटर. दीड तास चालवायचे आणि लाइटनिंगसारख्या ट्रकला त्यानंतर 40 मिनिटांहून जास्त उभे करायचे, असा तो क्रम बनतो. थंडीत पल्ला आणखी आखडतो, कारण बॅटरी आणि केबिन दोन्ही ऊबदार ठेवण्याची वीज त्याच साठ्यातून जाते.

हे सगळे मला प्रवासाआधी कागदावर माहीत होते. जे माहीत नव्हते, ते पहिल्याच थांब्यावर कळले. चार्जिंगच्या जागा मोटारींसाठी आखलेल्या असतात. पुढून आत शिरायचे, चार्जरसमोर उभे राहायचे आणि उलटे निघायचे. ट्रक आणि कॅम्पर मिळून तेरा मीटरांची लांबी तिथे मावत नाही. आडवे उभे राहिले, तर तीन-चार जणांच्या जागा अडतात आणि केबल तरीही पोहोचेलच असे नाही. मग ट्रेलर सोडावा लागतो. त्याच्या चाकांना अडण्या लावायच्या, जॅक खाली सोडायचा, सेफ्टी चेन आणि विजेची जोडणी काढायची, कपलरची कडी उघडायची, ट्रक पुढे न्यायचा, आणि चार्जिंग झाल्यावर हे सर्व उलट्या क्रमाने करायचे. दोघे असलो तर पंधरा-वीस मिनिटे जातात. पाऊस पडत असेल, अंधार असेल किंवा माणूस एकटा आणि वयस्कर असेल, तर हीच गोष्ट थकवा आणणारी आणि चुकांना वाव देणारी ठरते. घाईत परत जोडलेला ट्रेलर महामार्गावर सुटणे, ही कल्पनाही नकोशी वाटते. पल्ल्याबद्दल जेवढे बोलले जाते त्याच्या दशांशही या बाबीवर बोलले जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण हा दोष बॅटरीच्या रसायनाचा नाही, तो जमिनीवर रंगवलेल्या रेषांचा आहे. पेट्रोल पंपासारखी एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघण्याची सोय असलेले चार्जर उभारणे शक्य आहे. 2022 मध्ये जनरल मोटर्स, महामार्गांवरच्या पंपांची साखळी पायलट आणि चार्जिंग कंपनी ईव्हीगो यांनी महामार्गांवरच्या थांब्यांसाठी जाहीर केलेल्या योजनेत ही सोय होतीच. अशा जागा अजून विरळ आहेत.

मोठी बॅटरी हे एक उत्तर आहे आणि ते काही प्रमाणात खरे ठरले आहे. शेव्हरोले सिल्व्हराडो ईव्हीच्या मोठ्या आवृत्त्यांत 200 युनिटांहून अधिक क्षमता आहे आणि चार्जिंग 350 किलोवॅटपर्यंत चढते, त्यामुळे ट्रेलरसहचे दोन थांब्यांमधले अंतर पुष्कळ सुसह्य होते. त्याची किंमत वजनात मोजावी लागते. जीएमसी हमर ईव्ही पिकअप रिकामा असतानाच चार टनांच्या आसपास भरतो. ट्रकच्या एकूण अनुज्ञेय वजनातला मोठा हिस्सा बॅटरीने खाल्ला, की माणसे, सामान आणि हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या खुंटीवर, टेकणारा भार यांना कमी जागा उरते. हा टेकणारा भार ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के असावा लागतो, नाहीतर ट्रेलर डोलू लागतो. चार टनांचा ट्रेलर असेल, तर चारशे ते सहाशे किलो इथेच संपतात. ओढण्याच्या क्षमतेपेक्षा ही मर्यादा पुष्कळदा आधी गाठली जाते, म्हणून दरवाजाच्या चौकटीवरचे वजनमर्यादेचे लेबल खरेदीपूर्वी जरूर वाचावे.

कंपन्यांनीही आता दिशा बदललेली दिसते. टेस्लाने सायबरट्रकच्या हौद्यात बसणारी जादा बॅटरी देऊ केली होती, ती कल्पना मे 2025 मध्ये सोडून दिली. ट्रक बनवणाऱ्या रॅमने सप्टेंबर 2025 मध्ये ‘1500’ या पिकअपची पूर्ण इलेक्ट्रिक आवृत्ती रद्द केली आणि 92 युनिटांची बॅटरी व वीज निर्माण करणारे व्ही6 इंजिन असलेल्या आवृत्तीवर भर दिला. डिसेंबर 2025 मध्ये फोर्डनेही पुढची लाइटनिंग अशाच जनित्रासह येईल असे जाहीर केले. चाकांना मोटरच फिरवणार आणि लांबच्या प्रवासात इंजिन बॅटरी भरत राहणार, ही रचना मला माघार वाटत नाही. रोजच्या वापरात वीज आणि वर्षातून चार वेळा पेट्रोल, ही वाटणी ट्रेलरवाल्यांच्या गरजेशी जुळणारी आहे. दुसरी वाट ट्रेलरच सुधारण्याची आहे. लाइटशिप या कंपनीने 2023 मध्ये दाखवलेल्या कॅम्परचे छत प्रवासात खाली बसते आणि त्याच्या तळाशी स्वतःची बॅटरी व मोटर आहे, म्हणजे तो वाऱ्यालाही कमी अडतो आणि स्वतःचा भार काही अंशी स्वतः वाहतो. वर मांडलेला वाऱ्याचा हिशेब पाहिला, तर हा उपाय रोगाच्या मुळाशी जाणारा आहे.

विचारणाऱ्यांना मी आता एवढेच विचारतो की ट्रेलर किती उंच आहे, एका दिवसात किती दूर न्यायचा आहे आणि वर्षातून किती वेळा. लॉन कापण्याची यंत्रे घेऊन गावभर फिरणारा, घोड्यांचा ट्रेलर पन्नास किलोमीटरवरच्या मैदानावर नेणारा, बांधकामाचे सामान वाहून रात्री घरी परतणारा, या सर्वांना आज मिळणारा इलेक्ट्रिक पिकअप उत्तम आहे, आणि घरी रात्रभर चार्ज होणारा ट्रक त्यांचा वेळ वाचवतोच. दर सुट्टीत उंच कॅम्पर घेऊन दिवसाला 800 किलोमीटर जाणाऱ्याने मात्र थांबावे, किंवा जनित्राच्या ट्रकची वाट पाहावी.

माझ्या मित्राने ट्रक ठेवला आहे. घरापासून 70 किलोमीटरवरच्या जलाशयापाशी तो दर पंधरा दिवसांनी कॅम्पर घेऊन जातो, तिथल्या कॅम्पच्या 50 ॲम्पिअरच्या जोडणीवर ट्रक रात्रभर चार्ज करतो आणि वाटेत कुठेही न थांबता परततो. यंदाच्या युटाच्या सहलीसाठी त्याने भावाचा डिझेल ट्रक आधीच सांगून ठेवला आहे.