नदीचे नाव

रविवार, रात्री साडेअकरा

आज दुपारी आईला फोन केला आणि तिने उचलताच माझ्या तोंडून निघून गेले, "इना बोलतेय." पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आई म्हणाली, "हं, बोल," आणि नेहमीसारखी गुडघ्यांविषयी, नीलूच्या परीक्षेविषयी, पाण्याच्या टँकरविषयी बोलत राहिली. तिने विचारले असते, रागावली असती, तर मी काहीतरी सांगून मोकळी झाले असते. तिने विचारलेच नाही, आणि तेव्हापासून माझे कशातही लक्ष लागलेले नाही.

संध्याकाळी लेगियाचा, म्हणजे इथल्या वॉर्साच्या फुटबॉल संघाचा, सामना होता. सामना सुरू होण्यापूर्वी गळपट्टे वर धरून हजारो माणसे एका सुरात ते गाणे म्हणतात आणि वारा या बाजूचा असेल तर ते आमच्या खिडकीपर्यंत येते. पाच वर्षे मी ते ऐकत आले आहे. 1966चे गाणे आहे, शब्द मारेक गाशिन्स्की यांचे, चाल आणि आवाज चेस्वाफ न्येमेनचा, आणि नावातच वॉर्साचे स्वप्न आहे. 2004मध्ये, न्येमेन गेला त्या वर्षापासून, लेगियाचे चाहते ते घरच्या मैदानावर म्हणू लागले. एरवी ते ऐकताना मला या शहराबद्दल माया वाटते. आज मात्र खिडकीत उभी असताना मनात एकच गोष्ट घोळत राहिली, की ज्याच्या आवाजात हे शहर आपले स्वप्न पाहते, तो या शहरात जन्मलेला नव्हता आणि त्याचे नाव न्येमेन नव्हते.

त्याचे नाव चेस्वाफ विद्झित्स्की. जन्म 16 फेब्रुवारी 1939 रोजी स्तारे वासिलिश्की या गावी झाला. त्या वेळी ते पोलंडमध्ये होते. तो सात महिन्यांचा असताना सोविएत सैन्य आले आणि युद्धानंतर गाव सरहद्दीच्या पलीकडे राहिले. आज ते बेलारूसमध्ये आहे. वडील वाद्ये सुरात लावून देण्याचे काम करीत, आणि मुलगा चर्चमध्ये गाऊ लागला. 1958मध्ये, तो एकोणीस वर्षांचा असताना, कुटुंबाने ते घर सोडले आणि पोलंडमध्ये आश्रय घेतला. म्हणजे स्वतःच्या देशात राहायला जाण्यासाठी त्यांना स्वतःचे गाव परदेशात सोडून यावे लागले. या वाक्यापाशी मी नेहमी अडखळते. अशाच पूर्वेकडच्या मुलखातून 1940मध्ये सैबेरियात हाकलली गेलेली किती माणसे पुढे आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला येऊन राहिली, त्यांचेही मनात येते. पण त्यांच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन.

गदान्स्कला तो संगीतशाळेत बसून शिकत होता आणि विद्यार्थ्यांच्या क्लबात गिटार घेऊन लॅटिन अमेरिकेची गाणी म्हणत होता. मग ‘निळे-काळे’ अशा नावाच्या वाद्यवृंदात तो दाखल झाला. त्या वाद्यवृंदाला 1963च्या डिसेंबरात पॅरिसच्या ऑलिंपिया नाट्यगृहात गाण्याचे निमंत्रण आले, आणि तेव्हा प्रश्न निघाला की विद्झित्स्की हे आडनाव परक्या लोकांना उच्चारता येणार नाही. दुसरे नाव घ्यायचे ठरले. त्याने न्येमेन हे नाव घेतले. ते त्याच्या मुलखातल्या नदीचे पोलिश नाव आहे. ही नदी बेलारूसमध्ये उगम पावते, लिथुआनियातून वाहते आणि बाल्टिकला मिळते. नव्या सरहद्दी आखल्या गेल्यावर ती सगळीच पोलंडच्या बाहेर राहिली होती.

गोष्ट इतकीच आहे, आणि आज संध्याकाळपासून मी ती पुन्हा पुन्हा स्वतःला सांगते आहे. कारण मलाही नेमके तेच सांगण्यात आले होते. पाच वर्षांपूर्वी कचेरीतल्या पहिल्याच दिवशी, ओळखपत्र तयार करताना, समोरच्या बाईंनी अगदी गोड आवाजात म्हटले होते की तुमचे नाव आमच्या जिभेला जड जाईल, ‘इना’ चालेल का? मी हसून हो म्हटले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मी इतक्या लवकर हो का म्हटले, हे आजही मला कळत नाही. त्याला नाव बदलावे लागले तेव्हा त्याने नदी मागून घेतली. माझ्याकडे नदी होती, आजीने आळंदीच्या घाटावर हौसेने ठेवलेली, तुकोबांच्या गाथेपासून जिचे नाव घराघरांत घेतले जाते ती. आणि मी तिची दोन अक्षरे ठेवून बाकीची कोणी न मागताच परत करून टाकली.

पोलिश लोक सगळ्यांचीच नावे लहान करतात, हे मला ठाऊक आहे. काताझिनाची काशा होते, माउगोझाताची गोशा होते, आणि त्यात केवढा जिव्हाळा असतो. पण ती लाडाची नावे घरात सुरू होतात आणि कागदावर पूर्ण नाव शाबूत राहते. माझे आधी कागदावर लहान झाले. शिवाय इना हे नाव इथल्या व्याकरणात चटकन बसते, त्याला सगळ्या विभक्ती लागतात. इंद्रायणी हे परके, ईकारान्त स्त्रीनाम असल्यामुळे त्याला इथे एकही विभक्ती लागत नाही, ते वाक्यात जसेच्या तसे उभे राहते. एके काळी मला ही अडचण वाटे.

रात्री जेवण न करताच मी त्याची गाणी लावून बसले. 1967च्या जूनमध्ये ओपोलेच्या महोत्सवात त्याने म्हटलेले ‘विचित्र आहे हे जग’ हे गाणे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला धक्का बसावा असेच आहे. त्याचे शब्दही त्याचे, चालही त्याची. माणूस माणसाला नुसत्या शब्दाने मारू शकतो, असे सांगणारे ते गाणे तो प्रार्थनेसारखे सुरू करतो आणि पाहता पाहता त्याचा आवाज फाटल्यासारखा वर जातो. त्या काळच्या सभागृहात लांब केसांचा, रंगीबेरंगी कपड्यांतला हा मुलगा किंचाळतो आहे, असेच अनेकांना वाटले. त्याच नावाच्या तबकडीला पुढे पोलंडमधली पहिली सुवर्ण तबकडी होण्याचा मान मिळाला. तिथेच थांबून तो आयुष्यभर तसलीच गाणी गात राहू शकला असता. त्याने काय केले, तर 1970मध्ये आलेल्या तबकडीसाठी नॉर्विद या एकोणिसाव्या शतकातल्या कवीची, सेनापती बेम याच्या अंत्ययात्रेवरची अवघड कविता घेतली आणि हॅमंड ऑर्गन व समूहस्वरांसह सोळा मिनिटांहून मोठे गाणे रचले. लोकप्रिय गायकाने असे करणे म्हणजे आपल्याकडे भरात असलेल्या भावगीत गायकाने एखादे अख्खे आख्यान एका गाण्यात बसवून दाखवण्यासारखे आहे. मला त्याचे हे धाडस त्याच्या सगळ्या यशाहून मोठे वाटते. पुढे तो मूग सिंथेसायझर आणि मेलोट्रॉनसारख्या विजेवरच्या वाद्यांकडे वळला, हळूहळू घरच्या ध्वनिमुद्रण-कक्षात एकटाच काम करू लागला, आणि 2001मधल्या शेवटच्या तबकडीला त्याने तीन शब्द एकत्र जोडून एकच लांबलचक नाव दिले, ज्याचा अर्थ ‘टोपीच्या ढगाखालून’ असा होतो. ते नाव लोकांना उच्चारायला सोपे जावे याची काळजी त्याने केलेली दिसत नाही.

एका जुन्या गाण्यापाशी मात्र मला थांबावे लागले. ‘मी तुला अजून आठवते का’ किंवा ‘आठवतो का’, मराठीत ते लिंगाशिवाय सांगताच येत नाही. ही त्याच्या सुरुवातीच्या काळातली चाल. 1964मध्ये मार्लेन डीट्रिश ही जर्मन अभिनेत्री-गायिका वॉर्सामध्ये गायला आली असता तिने ते ऐकले आणि पुढे त्याच चालीवर जर्मन गाणे ध्वनिमुद्रित केले. त्या जर्मन गाण्याचे नाव आहे, ‘आई, तू मला क्षमा केलीस का?’ हे मला पूर्वीपासून माहीत होते, कधीतरी कौतुकाने मी नीलूलाही सांगितले होते. आज ते ऐकवेना. मी ते बंद केले आणि खाली गेले.

खालच्या आजी जाग्या होत्या. सामना असला की त्या उशिरापर्यंत जागतात. ओपोलेचा तो कार्यक्रम त्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिला होता आणि न्येमेनचा आवाज चढताच त्यांच्या वडिलांनी उठून संच बंद केला होता, हे त्या मला तिसऱ्यांदा सांगत होत्या. बोलता बोलता मी त्याच्या खऱ्या आडनावाचा उल्लेख केला आणि तो मला धड करता आला नाही. ‘द’ आणि पुढचा तो घासून येणारा ‘झ’ एकत्र जमेना. पाच वर्षे त्याची गाणी ऐकूनही ते आडनाव मी एकदाही तोंडाने उच्चारलेले नव्हते. न्येमेन सोपे होते, म्हणून मी तेवढेच घेतले होते. त्या पॅरिसच्या श्रोत्यांविषयी मला संध्याकाळपासून जो राग येत होता, तो तिथे जिन्याजवळ उभी असताना गळून गेला. आजींनी माझ्याकडून ते सहा-सात वेळा म्हणवून घेतले, तोंडाचा आकार दाखवला, आणि शेवटी मान डोलावली.

मग त्यांनी विचारले, "आणि तुमचे पूर्ण नाव काय हो? इना हे कशाचे?"

मी सांगितले. त्यांनी ते हळूहळू, पायरी पायरी उतरल्यासारखे म्हणून पाहिले. दुसऱ्याच खेपेला जमले. पोलिशमध्ये त्यातले जवळजवळ सगळे उच्चार आहेत. ‘ण’चा ‘न’ झाला, आणि इथल्या रीतीप्रमाणे शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर पडल्यामुळे ‘या’ थोडा लांबला, इतकेच. "इंद्रायानी," त्या म्हणाल्या, आणि ती कुठली नदी, किती मोठी, विस्तुलाएवढी आहे का, हे विचारू लागल्या. मी सांगितले की विस्तुलापुढे ती अगदी लहान आहे, आणि हल्ली आळंदीला तिच्यावर फेस तरंगतो. त्यांनी हळहळून ‘अरेरे’ अशा अर्थाचा उद्गार काढला.

वर येऊन हे लिहिते आहे. भारतात आता पहाटेचे तीन वाजले असतील. आई साडेपाचला उठते, म्हणजे इथल्या मध्यरात्रीनंतर दोन वाजता. तोवर जागी राहीन.