तुम्ही विचारलंत म्हणून: एकच बाटली घ्यायची, तर कोणत्या गावाची?

फ्रान्समधल्या लियाँला राहायला आल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, पुण्यामुंबईहून कामासाठी येणारी माणसं मला हा प्रश्न हमखास विचारतात. आधी जेवायला कुठे जायचं ते विचारून घेतात आणि मग हळूच, "बरगंडीची एक लाल वाइन न्यायचीय. ग्राँ क्रू, म्हणजे सगळ्यांत वरच्या प्रतीची, काही परवडायची नाही. गावाच्या नावाने मिळते त्यातली सगळ्यात चांगली कोणती?" मी नाशिककडची, घरी द्राक्षबाग, म्हणून मला हे कळत असणारच असा हिशेब. आमची बाग थॉमसनची, खायच्या द्राक्षांची. घरात वाइन कधी आलीच नाही. जे काही शिकले ते इथे आल्यावर, आणि बरंचसं भांडून.

उत्तर हवंच असेल तर वोलने. पण एवढं सांगून उठता येत नाही.

बरगंडी हा फ्रान्सचा वाइनचा प्रांत, तिथे जमिनीची प्रत ठरलेली आहे. सगळ्यांत खाली नुसती 'बूर्गोन्य' असं लिहिलेली बाटली, तिच्या वर गावाचं नाव लावणारी, मग प्रेमिए क्रू, आणि माथ्यावर ३३ ग्राँ क्रू. दिजों शहराच्या दक्षिणेला टेकड्यांची एक लांब, अरुंद रांग आहे. तिच्या उताराचा मधला पट्टा सगळ्यांत भारी. बरेचसे गावपातळीचे मळे त्याच्या खाली, जिथे उतार सपाट होत जातो आणि माती खोल व चिकण होते तिथे, पायथ्याच्या रस्त्याच्या कडेपर्यंत. काही मधल्या पट्ट्याच्याही वर, जिथे गार पडतं. म्हणजे गावपातळी म्हणजे टाकाऊ जमीन नव्हे; पाटाचं पाणी शेवटी पोचतं तशी, जरा उशिरा नशीब उघडणारी.

आता गावाचं नाव म्हणजे काय, तेही बघा. जेव्रे गावाने आपल्या शाम्बेर्तां या सगळ्यांत नामांकित मळ्याचं नाव १८४७ मध्ये आपल्या नावाला जोडून घेतलं आणि ते जेव्रे-शाम्बेर्तां झालं. मग वोन गावाने रोमाने जोडलं, शांबोलने म्युसिन्यी जोडलं, नुईने सां-जोर्ज. मोठ्या घरातली सोयरीक पत्रिकेवर छापावी तसं. त्यामुळे बाटलीवर शाम्बेर्तां हा शब्द दिसला की नवखा माणूस हुरळून जातो, पण आत असते रस्त्याकडेच्या शेतातली साधी गाववाइन. शिवाय नावं आणि शिवार जुळतीलच असंही नाही. फ्लाजे गावाची गावपातळीची द्राक्षं वोन-रोमानेच्या नावाने विकली जातात, ब्रोशोंच्या दक्षिण भागातली जेव्रेच्या नावाने, प्रेमोची नुईच्या नावाने. ज्या गावाचं आपण कौतुक करतो, त्या गावात ते द्राक्ष कदाचित लागलंच नव्हतं!

आमचा सहाजणांचा कट्टा आहे. दर हिवाळ्यात यावरून वाद होतो. जेव्रेवाले दोघं: त्यांचं म्हणणं, अंग हवं, मातीचा आणि रक्ताचा वास हवा. त्यांना मी सांगते की जेव्रे म्हणजे मोठा पसारा, लाव्हो नावाच्या घळीतून वाहून आलेल्या खडीमुळे इथली हद्द रस्त्याच्या पलीकडे सपाटीत गेलीय, त्यामुळे एक जेव्रे दुसऱ्यासारखी असेलच याची खात्री नाही. शांबोलच्या बाजूने बोलणारी एकजण आहे. ती नाजूकपणावर भाळलेली, आणि तिचं चुकत नाही. चुनखडीची पातळ माती, सुगंध असा की ग्लास तोंडाला लावावा की नाही असा प्रश्न पडतो. पण शांबोलची किंमत तोंडाला न लावण्याइतकीच आहे. वोन-रोमानेचं नाव मी घेतच नाही. तिथे आपण शेजाऱ्यांच्या नावाचे पैसे भरतो. निवृत्त शाळामास्तर आहेत, ते नुईवाले. नुई तरुणपणी कठोर, सात-आठ वर्षं हात लावू नका म्हणतात. मास्तर सत्तर ओलांडलेले आहेत, तरी अजून साठवून ठेवतात, हे मला फार आवडतं.

चार वर्षांपूर्वी कोणीतरी म्हणालं की वर्तमानपत्रात गुंडाळून पिऊया. जेव्रे, शांबोल, वोलने, प्रत्येकी दोन बाटल्या, एक २०१७ची, एक २०१९ची. गावांच्या जोड्या लावायच्या होत्या. सगळ्यांनी जोरात जोड्या लावल्या. कागद सोडले तेव्हा कळलं की आम्ही गावं ओळखलीच नव्हती, सालं ओळखली होती. २०१७ला पीक भरपूर होतं, वाइन हलकी, लगेच पिण्याजोगी. २०१९ तापलेलं, कोरडं साल, रस दाट. आम्ही हलक्या तीन एका बाजूला आणि दाट तीन दुसऱ्या बाजूला करून वर त्यांना गावांची नावं दिली होती. एकच बाटली मास्तरांनी बरोबर सांगितली, आणि तीही गाव ओळखून नाही. "हा माणूस पिपं नवी वापरतो," एवढंच म्हणाले, आणि त्यांना माणूस सापडला होता.

यावरून माझे बाबा आठवले. ते एकदा मे महिन्यात आले होते, घरच्या बागेची खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली, उरकून. वोलनेच्या मळ्यातून चालवत नेलं. त्यांना आधी मांडव शोधायचा होता. "मांडव कुठंय गं?" मांडव नाही, तारेवर चढवलेला गुडघ्याहून थोडा वरचा वेल, ओळीत मीटरभर अंतरावर. हेक्टरी दहा हजार वेल म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. मग त्यांचा खरा प्रश्न: "एकरी किती निघतं?" इथल्या नियमात गावपातळीच्या लाल वाइनला साधारण हेक्टरी ४० हेक्टोलिटरचीच, म्हणजे चार हजार लिटरचीच, मुभा असते. मी मनात मांडणी केली: एकरी दोन टनांच्या आसपास. "दोन?" बाबा थांबले. "आपल्याकडं दहा निघाले नाहीत तर बँक दारात येते. आणि छाटणी?" एकदाच, हिवाळ्यात. "म्हणजे गोडी छाटणी नाहीच. बरं आहे बाबा." गोडी म्हणजे आपल्याकडची पावसाळ्यानंतरची दुसरी छाटणी.

पुढे चालताना दोन लागून असलेल्या शेतांपाशी ते थबकले. मध्ये बांधही नव्हता, एखाद्या मीटरची मोकळी वाट. एका बाजूला फुटींची विरळणी झालेली, मोजक्या काड्या, आत हवा खेळतेय. दुसऱ्या बाजूला सगळा झाडोरा. बाबा म्हणाले, "हे दोन मालक आहेत. याचं घे." त्यांनी बाटली बघितली नव्हती, गावाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं.

फ्रान्समध्ये नेपोलियनच्या कायद्यामुळे मुलांमध्ये समान वाटण्या होत गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या. आपल्याकडच्या भाऊबंदकीला लाजवेल अशी ती वाटणी: क्लो द वूजो हा ग्राँ क्रू मळा पन्नासेक हेक्टरचा, आणि मालक ऐंशीच्या घरात. कोणाच्या नावावर चार ओळी, कोणाच्या सहा. तेव्हा एकाच गावाच्या, एकाच सालाच्या वाइनमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर पडतं. आणि गावपातळीवर ते अंतर आणखी दिसतं. ग्राँ क्रूला जमीन सावरून घेते. इथे सावरायला कोणी नसतं. काहींसाठी गाववाइन म्हणजे पैशाची नड भागवणारं काम, काहींसाठी हात दाखवायची जागा. शांबोलमधला म्युन्ये नावाचा मळेवाला आपल्या गाववाइनमध्ये प्रेमिए क्रू मळ्याची द्राक्षंही मिसळतो. कायद्याला ते चालतं, वरच्या प्रतीचं खाली उतरवता येतं, खालचं वर मात्र चढत नाही. वोलनेतले लाफार्जसुद्धा नुसत्या गाववाइनवर मेहनत घेतात.

मी वोलने म्हणते, त्याचं कारण यातच आहे. वोलनेत ग्राँ क्रू नाही, आणि गावाने कोणाचं नावही मागे लावलेलं नाही. लेबलवर फक्त 'वोलने'. गावाच्या निम्म्याहून जास्त शिवारावर प्रेमिए क्रू, गावपातळीचे मळे थोडे आणि त्यांनाच लागून. चव अशी: लाल फळ, जरा ओली पानं, आणि शेवटी तुरट. तुरट शब्द बघा, आपल्याकडे किती तऱ्हेचा आहे. सुपारीचा वेगळा, आवळ्याचा वेगळा, जांभळाचा वेगळा. शेजारच्या पोमारची वाइन सुपारीची तुरट, जीभ ओढते. वोलनेची जांभळाची. जेव्रेवाल्या मित्राला हे फ्रेंचमध्ये समजावताना मी हरले, कारण त्याने जांभूळ कधी खाल्लेलंच नाही.

घेताना मालकाचं नाव बघा, मग साल, मग गाव. २०२१ एप्रिलच्या कडाक्याने पीक बुडालं, बाटल्या थोड्याच आहेत, पण ज्यांनी केल्यात त्या नितळ आणि हलक्या, मला आवडतात. २०१९ अजून राहू द्या. तांबड्या रश्श्याबरोबर नका घेऊ, ते भांडण कोणीच जिंकत नाही. अळंबीची भाजी, लसूण कमी, किंवा साधी मसुराची आमटी चालते. फ्रिजमधून अर्धा तास आधी काढा. नाहीतर, उन्हाळ्यात पुण्यात असाल, तर घ्या ती फ्रिजमधूनच.

आणि दुकानात वोलने नसेलच तर त्याच रांगेतल्या सावीन्यी गावाची घ्या, मालक बघून. एका वोन-रोमानेच्या पैशांत दोन येतील, कधी तीन.