एडिंबरातला शरद आणि आईच्या साड्यांचे रंग

"अगं, रोज तोच कोट दिसतोय. दुसरा नाही का तुझ्याकडे?" परवा व्हिडिओ कॉलवर आईने विचारलं. मी कामावरून चालत घरी निघाले होते. पावणेपाच वाजले होते आणि रस्त्यावरचे दिवे कधीच लागून गेले होते. कोट तोच होता, हे खरं. सप्टेंबर संपत आला की तो बाहेर निघतो, तो मार्चपर्यंत अंगावरच असतो. पण त्याच्या आत रोज काय काय बदलतं, हे आईला मोबाइलच्या त्या एवढ्याशा चौकटीत दिसत नाही. शिवाय पुढच्या वर्षी इकडे शिकायला येणाऱ्या दोन मुलींनी "ताई, कपडे काय काय आणू?" असं विचारून ठेवलंय. म्हणून एकदा नीट लिहितेच.

मी म्हसवडची. आमच्या माणदेशात ऑक्टोबर म्हणजे पाऊस सरलेला आणि ऊन पुन्हा चटके द्यायला लागलेलं. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत बसायचो तेव्हाही अंगावर सुती कपडे पुरायचे. शरद ऋतू म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे तेच येतं, निरभ्र आभाळ आणि पांढरंशुभ्र चांदणं. इथे स्कॉटलंडच्या राजधानीत, एडिंबरात, शरद याच महिन्यांत येतो, पण तो आधी उजेडाला हात घालतो. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी आठपर्यंत बाहेर लख्ख दिसत असतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, आणि नोव्हेंबर लागतो तेव्हा साडेचारच्या सुमाराला सूर्य मावळलेला असतो. थंडी आकड्यांत फार नाही. ऑक्टोबरातल्या दुपारी बारा-तेरा अंश असतात. खरा प्रश्न वाऱ्याचा. तो पाऊस आडवा मारतो. वादळी दिवशी प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या कचरापेट्यांत मोडलेल्या छत्र्या उलट्यासुलट्या खोचलेल्या दिसतात. तेव्हा मुलींनो, छत्री आणू नका. टोपी असलेला, वारा अडवणारा रेनकोट आणा.

पहिल्या वर्षी सुती हूडी आणि जीन्सवर निभेल, असं मी धरून चालले होते. मैत्रिणींबरोबर आर्थर्स सीटच्या टेकडीवर गेले आणि अर्ध्या वाटेत भुरभुर सुरू झाली. भुरभुरच, आपल्याकडे जिला पाऊसही म्हणणार नाहीत अशी. पण जीन्स मांड्यांना चिकटली, हूडी जड झाली आणि खाली येईपर्यंत माझे दात वाजत होते. सूत ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. लोकर मात्र स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण अंगाला कळलं त्या दिवशी.

तेव्हापासून कपड्यांचा हिशेब थरांचा. अगदी आत अंगाबरोबर बसणारा, लांब हातांचा, मेरिनो नावाच्या मऊ लोकरीचा पातळ बनियन. त्यावर शर्ट, त्यावर पुढून बटणांचा स्वेटर आणि सगळ्यात वर कोट. एकच जाडजूड जॅकेट घेऊन येऊ नका, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते. बाहेर आठ अंश, बसमध्ये काचा धुरकटलेल्या, ऑफिसात हीटर चालू. दिवसातून सहा-सात वेळा काही ना काही काढावं-घालावं लागतं. म्हणूनच डोक्यातून काढायचा स्वेटर मी ऑफिसला घालत नाही. बुटांचा तळ रबरी आणि खोल खाचांचा बघा. झडलेली पानं ओली झाली की त्यांचा नुसता राडा होतो, आणि जुन्या शहरातल्या उताराच्या दगडी फरसबंदीवर पाय सटकतो. पायमोजेही लोकरीचेच. एवढं केलं की गरजेचं भागलं.

पण मला खरं लिहायचंय ते रंगांबद्दल.

पहिल्या शरदात मी काळं जॅकेट घेतलं, कारण बसथांब्यावर सगळेच काळ्यात होते. काळं, करडं, फार तर गडद निळं. मीही तशीच झाले. मग ऑक्टोबरच्या एका रविवारी बोटॅनिक गार्डनमध्ये गेले. तिथे बीच झाडांचं एक प्रचंड उंच कुंपण आहे, शंभर वर्षांहून जुनं. त्याची पानं रंग बदलत होती. वरची विटकरी झालेली, मधली हळदी, आणि सावलीतली अजून हिरवी. पलीकडे जपानी मॅपल डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. वर आभाळ कबुतराच्या पाठीसारखं. मनात सरळ शब्द आला, पारवा. आणि मला आईचं कपाट आठवलं.

आपल्याकडे रंगांना साडीतून आलेली किती नेमकी नावं आहेत! पारवा, विटकरी, डाळिंबी, आमसुली, शेवाळी, मोरपंखी, अबोली, वांगी, हळदी. इथल्या दुकानात स्वेटरच्या चिठ्ठीवर नुसतं "रेड" लिहिलेलं असतं. डाळिंबी की कुंकवाचा, हे मला बघितल्यावर कळतं, आणि त्यावर तो घ्यायचा की नाही ते ठरतं. आईचा एक नियम होता, साडीचं अंग शांत असेल तर काठ बोलका हवा. तोच नियम मी इथे लावला. पारवी पँट, पारवा स्वेटर, म्हणजे अंग. त्यावर हळदी रंगाचा मोठा मफलर, म्हणजे काठ-पदर एकत्र. कधी शेवाळी स्वेटरला विटकरी मोजे. बूट चॉकलेटी, एकच जोड. माझ्याकडे हिवाळी कपडे मोजून तेरा-चौदा आहेत, पण ते एकमेकांशी जुळतात, कारण एकाच कपाटाच्या आठवणीतून निवडलेत. काळं जॅकेट मी देऊन टाकलं.

कोट मिळाला एडिंबरातल्याच स्टॉकब्रिज भागात. तिथे रेबर्न प्लेस नावाच्या रस्त्यावर धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं ओळीने आहेत. लोक चांगले, जपून वापरलेले कपडे देतात, आणि विक्रीचा पैसा संस्थेच्या कामाला जातो. आपल्याकडे दुसऱ्याचा वापरलेला कपडा अंगावर घालायला मन कचरतं. माझंही कचरलं होतं. इथे मात्र त्यात काहीच कमीपणा मानत नाहीत. हँगरवर एक तपकिरी कोट होता. लांबून मातकट. हातात घेतला आणि खिडकीशी नेला, तर तो तपकिरी नव्हताच. एकेका धाग्यात शेवाळी, हळदी, जांभळा, थोडा विटकरी, एक चुकार निळा. आत अस्तराला चिठ्ठी शिवलेली होती, गोलावर क्रूस असं चित्र आणि हॅरिस ट्वीड हे नाव. ३५ पौंड दिले.

नंतर वाचत गेले तसा तो कोट मला जास्तच आपला वाटायला लागला. हॅरिस ट्वीड म्हणवून घ्यायला कापड स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या आउटर हेब्रिडीज बेटांवरच तयार व्हावं लागतं. लोकर तिथेच रंगवलेली आणि कातलेली हवी, आणि विणकाम तिथल्या माणसांनी स्वतःच्या घरी, हातमागावर केलेलं हवं. १९९३ साली ब्रिटिश संसदेने तसा कायदाच केला. रंगांचं गुपितही सोपं आहे. कातलेला धागा रंगवत नाहीत, कातण्याआधीची लोकर रंगवतात. वेगवेगळ्या रंगांची लोकर आधी एकत्र पिंजायची आणि मग कातायची, म्हणून एका धाग्यात इतके रंग नांदतात. पूर्वी विणलेलं कापड घट्ट करायला बायका मेजाभोवती बसून ते ओलं कापड तालात आपटायच्या आणि ताल धरायला गेलिक भाषेत गाणी म्हणायच्या. मला लगेच जात्यावरच्या ओव्या आठवल्या. तिथे पीठ, इथे कापड, पण हात दमू नयेत म्हणून गळा साथीला.

पहिल्यांदा तो कोट पावसात भिजला त्या रात्री मी दारामागे अडकवला आणि दिवा मालवला. खोलीभर वास पसरला, ओल्या लोकरीचा. आणि मी थेट आप्पांच्या पडवीत गेले. आप्पा म्हणजे माझे आजोबा. त्यांची काळी घोंगडी पावसातून आली की खुंटीवर अशीच वाळत असायची. आमच्याकडे धनगर मेंढ्या राखतात आणि सणगर खड्डामागावर घोंगडी विणतात. ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणून नवी घोंगडी कडक असते आणि वापरून वापरून मऊ पडते. रानात पाऊस आला की आप्पा तिची खोळ करून डोक्यावर घ्यायचे. तिला ना बाही, ना बटण, पण काम तेच. लहानपणी ती मला टोचायची आणि मी ढकलून द्यायचे. आता वाटतं, तेव्हा जरा वेळ पांघरून बसायला हवं होतं.

घोंगडी विणणारे हात आता थोडे राहिलेत. हॅरिस ट्वीडला कायदा आहे, चिठ्ठी आहे, जगभर नाव आहे. आपल्या घोंगडीला का नसावं, हा प्रश्न तो कोट घालताना मला दरवेळी पडतो. गावी गेले की मी या खेपेला एक घेणार आहे, भाव न करता.

दिवाळीलाही इथे शरदच असतो, म्हणून साडीचं सांगते. यंदा शहराच्या लीथ भागात मैत्रिणीकडे फराळ होता. आईची आमसुली रेशमी साडी नेसले. आत परकराखाली लोकरीची लेगिंग. ब्लाउजच्या जागी हिरव्या काठाच्या रंगाचा पातळ, गळाबंद स्वेटर. निऱ्या दोन बोटं वर, म्हणजे काठ ओल्या फुटपाथला लागत नाही. पायात घोट्यापर्यंतचे बूट. पदर पुढे आणून कमरेला खोचला आणि वरून कोट चढवला. बसमध्ये शेजारच्या आजींनी साडीच्या काठाकडे बघत विचारलं, "या रंगाला काय म्हणतात तुमच्याकडे?" आमसुली म्हटलं. मग आमसूल म्हणजे काय, ते कोकणात कसं वाळवतात, सोलकढी म्हणजे काय, हे सांगता सांगता माझा थांबा आला.

तर परवा आईला म्हटलं, "हाच तो कोट, बघ." दिव्याच्या खांबाखाली उभी राहिले आणि मोबाइल बाहीजवळ धरला.

"अजून जवळ धर," आई म्हणाली. साडी घेताना दुकानदारासमोर असायची तसाच आवाज. "हा शेवाळी. हा हळदी… नाही, हा मोहरीच्या फुलाचा. आणि हा जांभळा कुठून आला मध्येच? छान आहे गं. आता उलटी बाजू दाखव."

मी तिथेच बाहीची कड उलटली.

"वीण घट्ट आहे," ती म्हणाली. "पण कोपरावर विरलाय बघ. आत्ताच रफू करून घे, जास्त फाटायच्या आत."