हजारामागे किती?

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी दे म्हणून बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा मी म्हटलं मला चित्र द्यायला सांगा, लिहायचं काही जमत नाही, तर उत्तर आलं की कव्हर ऑलरेडी छापायला गेलंय, तू मनोगतच दे. तर देते, चुका सांभाळून घ्या.

मी १९९६ची दहावी, ब तुकडी. घरात तेलुगू, शाळेत मराठी आणि गल्लीत दोन्हीची मिसळ, म्हणजे आपल्या पूर्व भागातली पक्की सोलापूरकर. आता मिक्स मीडिया आर्टिस्ट म्हणवते स्वतःला, म्हणजे रंगासोबत कापड, दोरा, कागद, पानं असं हाताला लागेल ते एकाच चित्रात चिकटवते. आर्ट कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, बी.कॉम. केलं आणि अजूनही दिवसभर एका ऑफिसात अकाउंट्स बघते, चित्रं रात्री.

वडील चादरीच्या कारखान्यात लूमवर होते, आई विड्या वळायची. ज्यांच्या घरी हे होतं त्यांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. तेंदूची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीने कापायची, सुपातला तंबाखू भरून वळायची, टोक नखाने मुडपायचं आणि दोरा. आईचे हात टीव्ही बघताना पण थांबायचे नाहीत. मजुरी हजारामागे ठरलेली. माल द्यायला गेलं की तपासणारा बसलेला असायचा, त्याला जी विडी पसंत नाही ती छाट, तिचे पैसेही नाहीत आणि ती परतही मिळत नाही. मी आईबरोबर जायचे आणि मला त्या छाटीचा जाम राग यायचा, आई मात्र काही न बोलता पिशवी घडी घालून ठेवायची. शाळेत मी हे कुणाला सांगायचे नाही, दप्तराला तंबाखूचा वास येतो म्हणून मुली हसायच्या (त्या मुली आता ग्रुपवर माझ्या चित्रांना लाल बदाम टाकतात, चालायचंच).

आपले ड्रॉईंगचे सर आठवत असतील. कार्यानुभवाच्या तासाला टाकाऊतून टिकाऊ होतं, सगळ्यांनी आइस्क्रीमच्या काड्या आणल्या आणि मी कारखान्यातून रद्दीत चाललेली जॅकार्डची, म्हणजे चादरीवर नक्षी विणणाऱ्या लूमची, पंच कार्डं नेली, जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने एकमेकांना बांधलेली लांबलचक माळ. सरांनी त्यातलं एक खिडकीपाशी धरलं तर बाकावर उजेडाचे ठिपके पडले. मग पूर्ण तास त्यांनी तेच समजावलं, की जिथं भोक तिथं सुई आत जाते, हूक उचलला जातो आणि ताण्याचा म्हणजे उभा दोरा वर येतो, भोक नाही तिथं तो खालीच राहतो, आणि अशा कार्डामागून कार्ड गेलं की चादरीवर मोर उमटतो. वडील रोज त्याच मशीनवर उभे असायचे पण मला हे शाळेत कळलं. एलिमेंटरीच्या ड्रॉईंग परीक्षेला तरी मला सी ग्रेडच मिळाली, माझी मडकी कायम तिरकी यायची.

मधली वर्षं नोकरी, लग्न, पोरं यात गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. नंतर मोबाईलवर बघत बघत परत सुरू केलं. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते, बडोद्यात हिशेबाचं काम करत त्यांनी चित्रं काढली आणि सुरुवातीला देवांच्या छापील तसबिरी चिकटवून कोलाज केले, हे वाचलं तेव्हा इतकं बरं वाटलं की काय सांगू, आपल्यासारखंच लेजर लिहिणारा माणूस! मग चंदीगडचे नेकचंद. रस्त्याच्या खात्यात नोकरीला, सरकारी जंगलात कित्येक वर्षं गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबश्या, टाईल्स यांचे पुतळे करत राहिले आणि १९७६ला ते रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी उघडलं. जर्मनीतला कुर्ट श्विटर्स ट्रामची तिकिटं, फाटक्या जाहिराती चिकटवायचा, १९१९च्या सुमाराची गोष्ट. आपल्या जिल्ह्यातल्या पंढरपूरला जन्मलेले हुसेन तर सिनेमाची होर्डिंगं रंगवून वर आले. या सगळ्यांनी मला तेंदूची पानं आणि पंच कार्डं चित्रात घ्यायचा धीर दिला.

तेंदूचं पान मात्र फार हट्टी. सुकलं की वळतं, पावसाळ्यात बुरशी धरतं, साध्या गोंदाने चिकटवलं तर डाग पडतात. मी ती वह्यांखाली दाबून कोरडी करते, दोन्ही बाजूंनी मॅट वार्निश मारते, मग अ‍ॅसिड-फ्री गोंदाने प्लायवर लावते आणि काच पानाला टेकू नये म्हणून बॉक्स फ्रेम करते. पानाच्या शिरा मग नकाशातल्या नद्यांसारख्या दिसतात. वर पंच कार्ड, त्याच्या भोकांतून चादरीचा लाल दोरा ओवलेला. सोलापुरी चादरीला जीआय टॅग आहे, कार्डं मात्र भंगारात जातात.

आता विकायचं बोलू, कारण भेटल्यावर सगळे तेच विचारतात. मार्केटमध्ये बरेच जण स्क्वेअर इंचावर भाव लावतात. मला ते पटत नाही, हातभर रिकाम्या आकाशापेक्षा वीतभर दोरा ओवायला जास्त वेळ लागतो. मी मटेरियल, फ्रेम आणि तास असा हिशेब मांडते, तासाचा दर ठरवताना आईची मजुरी डोळ्यासमोर असतेच, आणि त्याच्या कितीतरी पट लावते. गॅलरीवाले तीस ते पन्नास टक्के कमिशन घेतात. एका गॅलरीने माझी चित्रं बरेच महिने ठेवली, एकही भिंतीवर लावलं नाही आणि परत पाठवली ती काच फुटून. छाटच की ती! मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरीच्या हॉलसाठी वर्षानुवर्षं आधी नंबर लावावा लागतो, म्हणून मी इन्स्टावर विकते, गिऱ्हाईक बहुतेक पुण्याचं नाहीतर परदेशातलं. एका बाईंनी सोफ्याचा फोटो पाठवून याला मॅचिंग आहे का विचारलं होतं. होतं, दिलं.

सोलापुरात विकणं सगळ्यात अवघड. "आपल्यात कसले पैसे, एक गिफ्ट दे की" किंवा "कचराच तर चिकटवतीस." आईला पहिल्या मोठ्या चित्राची रक्कम सांगितली तेव्हा तिने बोटांवर हिशेब केला, किती हजार विड्या झाल्या ते, आणि म्हणाली, एवढे देतात तर दोरा जरा सरळ ओवत जा.

महोत्सव समितीने हॉलसाठी माझं एक चित्र मागितलंय. कोटेशन दिलंय, शाळेसाठी निम्म्या किमतीत, फ्रेमसकट. खजिनदार आपल्याच बॅचचा आहे, तो बघू की म्हणालाय. आणि कुणाच्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आल्यावर जुनी कार्डं पडून असतील तर भंगारवाल्याला घालायच्या आधी मला ग्रुपवर सांगा, भंगाराच्या दुप्पट भाव देते, वजन करून.