मंगळाचा डेटा २ मिनिटांत मिळाला, पण उघडायला ११ दिवस गेले (माझा अनुभव)

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी लोणारच्या विवराची तुलना मंगळावरच्या विवरांशी करायची होती. खडक दोन्हीकडे बेसॉल्टचाच, म्हणून सरांनी हा विषय सुचवला. लोणारची मापं हाताशी होती, मंगळावरच्या उंच-सखल भागाची हवी होती. ती मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानावरच्या मोला नावाच्या लेझर उपकरणाने २००१ पर्यंत मोजून ठेवलीयेत आणि नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये, म्हणजे पीडीएसमध्ये, कुणालाही फुकट मिळतात. फॉर्म नाही, कुणाचं पत्र नाही. मी सरावासाठी सगळ्यात छोटी फाइल घेतली, २ एमबीची. झालं, डेटा हातात.

आणि मग अडकले.

एका ऑनलाइन ट्यूटोरियलमधला पायथनचा कोड जसाच्या तसा चालवला तर स्क्रीनवर नुसती मुंग्या आल्यासारखी खरखर. मधे कुठेतरी डोंगराची कड दिसल्यासारखी वाटायची पण आकडे बघितले तर एका ठिकाणी ३२ किलोमीटर उंची आणि शेजारच्याच ठिपक्याला तेवढाच खोल खड्डा. फाइल करप्ट आली असेल म्हणून चार वेळा डाउनलोड केली, मैत्रिणीच्या लॅपटॉपवर चालवून बघितली, ओळी आणि रकाने अदलाबदल केले, काहीच नाही. फाइलचा आकार मात्र अगदी बरोबर होता, १४४० गुणिले ७२० ठिपके, प्रत्येकाचे २ बाइट, म्हणजे २०,७३,६०० बाइट. एक बाइट कमी नाही की जास्त नाही! याच गोष्टीने मला सगळ्यात जास्त वैताग आणला, कारण मग चूक शोधायची तरी कुठे. प्रेझेंटेशनला आठवडा राहिलेला आणि माझ्याकडे दाखवायला एक नकाशा नाही, त्या दिवसांत मी घरी कुणाशी धड बोलतही नव्हते.

अकराव्या दिवशी सरांकडे गेले. त्यांनी कोड बघितलाच नाही, एवढंच विचारलं, "लेबल वाचलंस का?"

फाइलच्या शेजारीच त्याच नावाची एक एलबीएल फाइल असते, साधा मजकूर, नोटपॅडमध्ये उघडते. मी ती उतरवलीच नव्हती. त्यात सॅम्पल टाइपसमोर लिहिलं होतं एमएसबी इंटिजर. म्हणजे दोन बाइटच्या आकड्यातला मोठा बाइट आधी ठेवलाय, आणि आपले लॅपटॉप धरून चालतात की लहान आधी. तेवढ्याने १०० मीटरची उंची २५,६०० मीटर म्हणून वाचली जाते. कोडमध्ये बाइटचा क्रम उलटा सांगितला, एक चिन्ह बदललं फक्त, आणि संपूर्ण मंगळ समोर! सगळ्यात उंच आकडा २१ हजारांच्या आसपास, तो ऑलिम्पस मॉन्स. दक्षिणेला हेलासचा खड्डा, उणे ८ हजारांच्या आसपास. मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. त्या ट्यूटोरियलवर माझा अजूनही राग आहे, लेबलचा एका ओळीत उल्लेख केला असता तर काय बिघडलं असतं.

सरांनी मग सांगितलं की हे असं कोरडं का ठेवतात. जुन्या मोहिमांचा डेटा टेपांवर पडून खराब होत होता, त्यातलं काय कुठे आहे हे माहीत असलेली माणसं पांगली होती, १९८२ साली अमेरिकेत एका समितीने यावर अहवाल दिला आणि त्यातूनच पुढे पीडीएस उभी राहिली. म्हणून नुसते आकडे आणि सोबत माणसाला वाचता येईल असं लेबल, कुठलंही सॉफ्टवेअर बंद पडलं तरी चालेल असं. हे ऐकल्यावर त्या फाइलवरचा राग गेला.

हो, अजून एक, फाइलच्या नावातलं चौथं अक्षर बघा. टी असेल तर उंची, आर असेल तर मंगळाच्या केंद्रापासूनचं अंतर, आणि त्यात ३३,९६,००० मीटर वेगळे मिळवायचे असतात. तेही लेबलातच असतं. नकाशा शून्य रेखांशापासून पूर्वेकडे सुरू होतो त्यामुळे ऑलिम्पस मॉन्स उजव्या अर्ध्या भागात दिसतो, पोस्टरवर बघून तो डावीकडे शोधत बसू नका.

चांद्रयान-२ चा डेटा हवा असेल तर इस्रोच्या प्रदान पोर्टलवर आधी नोंदणी लागते, तिथे पीडीएस४, म्हणजे पीडीएसच्याच पद्धतीची नवी आवृत्ती आहे, लेबल एक्सएमएल असतं. यान चंद्राच्या कक्षेत गेलं ऑगस्ट २०१९ मध्ये आणि डेटा सगळ्यांना खुला झाला २४ डिसेंबर २०२० ला. मधल्या काळात शास्त्रज्ञ तो तपासून, दुरुस्त करून घेतात, त्यामुळे चालू मोहिमेवर प्रोजेक्ट ठरवणार असाल तर तारखा आधी बघा.

माझ्या प्रोजेक्टचं म्हणाल तर मोलाच्या सगळ्यात बारीक नकाशातही एक ठिपका विषुववृत्तावर ४६३ मीटरचा. लोणार १.८ किलोमीटरचं. म्हणजे तेवढं विवर चार ठिपक्यांत संपतं. आता मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर यानावरच्या सीटीएक्स कॅमेऱ्याच्या फोटोंवर काम चालू आहे, एक ठिपका ६ मीटरचा, आणि या वेळी लेबल आधी उतरवलंय.