आयडलरची ठकठक गेली! (आणि आता वही मधे आलीय)

मंडळी, गेली एकदाची. केसरबाई केरकरांची दहा इंची रेकॉर्ड लावली, लांब सूर आला आणि सरळ गेला. मी हेडफोन काढला, परत लावला, तीच जागा परत ऐकली, सरळच. मागच्या अपडेटवर दोघातिघांनी लिहिलेलं की हे जुनं रेकॉर्ड वाजवायचं डेक भंगारात घाल आणि सरळ नवीन बेल्टवालं घे, त्यांना एवढंच सांगणं की नाद करायचा न्हाय.

नवीन लोकांसाठी एका दमात सांगतो. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं एक कॅसेट-रेकॉर्डचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, गाळा विकायला काढला तेव्हा काउंटरवरचं गॅरार्ड कंपनीचं डेक, ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींच्या) दोन पेट्या आणि एक खोकं भरून किडूकमिडूक असं सगळं दुकानवाल्या काकांच्या मुलानं मला दिलं. गॅरार्ड म्हणजे आयडलरवालं, बेल्ट नाही. मोटरची पायऱ्यापायऱ्यांची पुली, तिला टेकून रबरी चाक (हाच आयडलर), ते चाक प्लॅटरच्या, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीच्या, आतल्या कडेला टेकतं आणि प्लॅटर फिरतं. वायरिंग, कपॅसिटर, टोनआर्मचं सगळं मागं लिहिलंय, परत लिहीत नाही.

दुखणं असं होतं की ३३ ला थोडं आणि ७८ ला भरपूर, सूर धरला की थंडी वाजल्यासारखा कापायचा. तबल्यात कळायचं नाही, तानांत पण नाही, पण सारंगी किंवा लांब आलाप आला की असह्य. कुणी म्हणलं बेअरिंग, कुणी म्हणलं मोटर, एकानं तर कोल्हापूरच्या व्होल्टेजवर ढकललं. अंदाजावर किती दिवस काढणार, म्हणून शेवटी हिशोब मांडला. ७८ ला प्लॅटर सेकंदाला १.३ फेरे घेतं. बेअरिंग खराब असेल तर गडबड त्याच तालात यायला पाहिजे. मोटर असेल तर सेकंदाला चोवीसच्या आसपास, म्हणजे ठकठक नाही, घरघरच ऐकू येणार. आयडलर प्लॅटरच्या एका फेऱ्यात साडेपाच-सहा फेरे घेतो (आतल्या कडेचा व्यास भागिले चाकाचा व्यास, व्हर्नियरनं मोजा), म्हणजे सेकंदाला सातच्या वर. मग सुई शेवटच्या मोकळ्या खाचेत ठेवून ऑडेसिटीत (आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर) रेकॉर्ड केलं, एक सेकंद ताणून बघितला, आणि टेकड्या मोजल्या तर सात आणि वर थोडं. म्हणजे चोर आयडलरच.

चाक काढून उजेडात धरलं तर रबराच्या कडेवर एक खाच. नखाला लागेल एवढी, बरोबर पुलीच्या रुंदीची. आता हे कसं होतं ते आपल्याला माहितीय, नॉब ऑफला नेला की लीव्हर चाकाला पुलीपासून लांब करतो, पण नॉब चालूवरच ठेवून वरचा मेन स्विच पाडला तर चाक दाबलेलंच राहतं. लोडशेडिंगच्या काळात असं रोज होत असणार, पण तेव्हा दोन-तीन तासांत लाईट यायची आणि चाक परत फिरायला लागायचं. ह्यावेळी लाईट आलीच नाही. डेक माझ्याकडं आलं तेव्हा नॉब ७८ वर होता हे मी पहिल्याच अपडेटच्या फोटोत टाकलंय, बघा पाहिजे तर. म्हणजे दुकानात शेवटी ७८ वाजत होती, कुणीतरी थेट मेन पाडून शटर ओढलं, आणि पुली तेवढी सगळी वर्षं रबरात रुतत बसली.

उपायांचं सांगतो. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसून काही होत नाही, ग्रिप वाढते, खाच तिथंच. (आणि तीच आयपीएची बाटली हातात असताना ७८ पुसायला जाऊ नका रे, शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, लाखच आहे ती. पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं, बास.) गरम पाण्यात उकळून रबर फुगवायचा उपाय केला, खाच कमी झाली, थोड्या दिवसांनी परत आली. पॉलिश पेपर लावून चाक हातानं घासायचा सल्ला जो देतो त्यानं आधी स्वतःचं चाक घासून दाखवावं, गोल वस्तू हातानं गोल राहत नाही. ऑनलाईन एका विक्रेत्याकडून 'युनिव्हर्सल' आयडलर मागवला, तो जाडीला एवढा निघाला की ३३ ला असताना ४५ च्या पायरीला पण घासायचा. विक्रेत्यानं परत घेतला नाही. युनिव्हर्सल हा शब्द दिसला की मागं फिरा.

पूर्वी हे काम दुकानात व्हायचं. सुई, रबर, बेल्ट, हेड साफ करायचं लिक्विड, सगळं त्याच काउंटरवर मिळायचं, आणि नसलं तर काका मुंबईच्या माणसाबरोबर मागवून ठेवायचे. आता गाणी खिशात आहेत पण ७८ ची सुई अख्ख्या कोल्हापुरात मागून बघा. केसरबाई १९७७ पासून व्हॉयेजर यानातल्या रेकॉर्डवर बसून अवकाशात चालल्यात, आणि नासानं त्या रेकॉर्डबरोबर कार्ट्रिज आणि सुई पण दिलीय! लक्ष्मीपुरीपेक्षा तिकडं सोय बरी. (ती रेकॉर्ड १६⅔ ची आहे, आपल्या डेकवर नाहीतरी वाजणार नाही.)

पण सुई नसली तरी आपल्याकडं उद्यमनगर आहे. गल्लीगल्लीत लेथ. शोधत शोधत प्रिंटिंग प्रेसच्या रोलरला रबर चढवून देणाऱ्या एका मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी चाक दोन बोटांत धरलं, इकडून तिकडून बघितलं आणि म्हणले, "ह्यो काय रोलर हाय व्हय? ह्येच्यापेक्षा आमच्या चहाची बशी मोठी." पण ठेवून घेतलं. जुनं रबर कापून काढलं, मधला हब स्वच्छ केला, साठ शोअरचं (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) रबर चढवून साच्यात भाजलं. साठच का, तर जास्त कडक झालं की मोटरचा थरथराट थेट प्लॅटरला पोचतो, जास्त मऊ झालं की खाच लवकर पडते.

घरी आणलं, लावलं. ठकठक गेली आणि त्या जागी मऊ झोके आले. परत ऑडेसिटी, परत तोच सात-सव्वासातचा ताल, फक्त आता टेकडी गोलसर. म्हणजे खाच नाही, चाकच भोकाशी केंद्रात नाही. डायल (गोल फिरतंय का ते दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावला तर काटा चांगलाच हलत होता. झालं काय होतं, मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं चाक बाहेरून चकमध्ये धरून घासलेलं. रबर बाहेरून धरलं की दाबलं जातं, सोडलं की फुगतं, आणि भोकाशी त्याचा काही संबंधच राहत नाही.

परत उद्यमनगर. मिस्त्रींना ऑडेसिटीचा फोटो दाखवला, त्यांनी फोटोकडं बघितलंच नाही, डायलकडं बघितलं आणि पोराकडं बघितलं. मग स्वतः बसले. आधी भोकाच्या मापाचा मँड्रेल, म्हणजे चाक चढवायचा दांडा, काढला, तो चकमधून न काढता त्याच सेटिंगवर चाक चढवलं, आणि टूलनं नाही तर टूलपोस्ट ग्राइंडरनं रबर घासलं, कारण टूल रबराला कापत नाही, ओढतं. अगदी हलका हात, काळा भुसा उडतोय, मधे मधे थांबून रबर गार होऊ द्यायचं. शेवटी डायलचा काटा जागचा हलेना. मी पैसे विचारले तर म्हणले, "भावा, आधी वाजवून बघ, मग सांग." हे वाक्य कुठल्या ऑनलाईन विक्रेत्याकडून आलं तर मला कळवा.

एक गैरसमज इथंच मोडून टाकतो कारण दर वेळी कुणीतरी विचारतंच. आयडलरचा व्यास बदलला तर स्पीड बदलत नाही! स्पीड ठरतो पुली आणि प्लॅटरच्या कडेवर, मधलं चाक नुसतं निरोप पोचवतं. चाक घासून बारीक झालं म्हणून गाणं फास्ट झालं असं म्हणणाऱ्यानं पुलीवरची जुनी घाण बघावी. माझं उलट थोडं स्लो होतं, ते प्लॅटरच्या बेअरिंगमधलं ग्रीस वाळून गोंद झालेलं म्हणून. काढलं, शिलाई मशीनचं तेल घातलं, सुटलं.

स्ट्रोब डिस्कचं (स्पीड तपासायची रेघांची चकती) पण ऐका. विजेच्या ५० सायकलला ७८ साठी ७७ रेघांची पट्टी, म्हणजे खरा स्पीड ७७.९२. घरात सगळीकडं एलईडी आहेत आणि चांगल्या एलईडीखाली रेघा थांबतच नाहीत, सगळं राखाडी दिसतं. टेस्टरमधला निऑन दिवा जवळ धरला तर झक्क दिसतं. अंधार करून बघा, रेघा उभ्या राहिल्या की जी मजा येते ती कुठल्या ॲपमध्ये नाही.

आता वहीचं. हे खरं तर वेगळ्या पोस्टचं आहे पण थांबवत नाही. त्या खोक्यात तळाशी, जुन्या हेडफोनच्या वायरींखाली, एक लांबुडकी हिशोबाची वही निघाली. काका कॅसेट भरून द्यायचे हे मी सांगितलेलं. रेडिमेड कॅसेट टी-सिरीजनं ऐंशीच्या दशकात एवढ्या स्वस्त केल्या तरी भरून घेणारी गिऱ्हाईकं कमी झाली नाहीत, कारण लोकांना आपल्या मनासारखी यादी पाहिजे असायची. वहीत त्या ऑर्डरी आहेत. वर 'साठ' नाहीतर 'नव्वद' (कॅसेट किती मिनिटांची ते), खाली बाजू १, बाजू २, गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द, पुढं पेटीचा नंबर, आणि जिथं रेकॉर्ड खराब तिथं 'घा.', म्हणजे घासलेली असावी. एका पानावर लिहिलंय, 'बाजू २ ला जागा उरली तर सनई टाका, लग्नघर आहे.' दुसऱ्या एका ठिकाणी, 'ट्रकसाठी. मधे बोलणं नको.' नाट्यगीताच्या शेजारी सुलोचना चव्हाणांची लावणी, तिच्याखाली भजन आणि लगेच हिंदी सिनेमा, सगळं एका नव्वदमध्ये.

वहीच्या शेवटी शेवटी अक्षर बदलतं. 'एमपी३ सीडी' येते, त्यात गाण्यांची नावंच नाहीत, नुसतं 'जुनी मराठी १५०'. मग 'कार्ड ४ जीबी', आणि समोर फक्त रक्कम. यादी करायचं कामच संपलं तिथं. नंतर काकांनी काउंटरवर मोबाईल कव्हर लावली, रिचार्ज चालू केलं, कार्ड भरून देणं थोडे दिवस चाललं, आणि २०१६ ला जिओ आल्यावर कार्ड भरायला पण कोण येईना. त्याच वर्षी मुंबईचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान बंद झालेलं, त्याच्यावर पेपरात रकाने भरून आलं. आमच्या लक्ष्मीपुरीवर आलेलं मी तरी वाचलं नाही. स्ट्रीमिंगला शिव्या द्यायचा माझा विचार नाही, मी पण स्कूटरवर तेच ऐकतो. पण ७८ मधलं निम्मं तिथं नाहीच, आणि जे कुणीकुणी चढवलंय त्यात स्पीड कुणी बघत नाही. स्पीड सहा टक्के चुकला की गाणारा अर्धा सूर वर नाहीतर खाली, काळी चारची पांढरी सहा होते.

तर प्लॅन बदलला. मी ठरवलेलं की पेट्या सलग डिजिटाईज करायच्या, पेटी एक, पेटी दोन, लेबल नंबरवार, सगळं सरकारी खात्यासारखं. आता वाटतंय वहीतली एकेक नव्वद परत उभी करावी. त्याच क्रमानं, 'घा.' असलेली घासलेलीच, बाजू २ ची सनई धरून. हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की मग ती खऱ्या कॅसेटवरच भरली पाहिजे, आणि म्हणजे माझ्या माळ्यावरचा कॅसेट डेक काढावा लागणार, आणि त्याचा बेल्ट नक्की वितळलेला असणार. असो. मिस्त्री आहेत. चढवायचं ऑनलाईन ते फक्त जुनं, आपल्याकडं ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षांचा, त्यामुळं सिनेमाची नवी गाणी घरातच राहतील, लिंक मागू नका.

ट्रान्सफरची सेटिंग बऱ्याच जणांनी विचारलेली: ७८ ची तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई (एलपीची ०.७ ची लावली तर ती खाचेच्या तळातली माती ऐकवते, गाणं नाही), २४ बिट ९६ किलोहर्ट्झ, दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो म्हणजे उभ्या हालचालीचा खरखराट बराच मरतो. आरआयएए (वाजवताना लावायचा ठरीव इक्वलायझेशनचा कर्व्ह) लावू नका, तो १९५४ चा, ह्या रेकॉर्डी त्याच्या आधीच्या. फ्लॅट घ्या आणि नंतर कानानं ठरवा. नॉईज रिडक्शन मी लावत नाही. ह्यावर भांडायला तयार आहे.

पुढच्या वेळी त्या ट्रकवाल्या नव्वदची यादी टाकतो. त्यातल्या काही एलपी माझ्याकडं नाहीत, ज्यांच्याकडं असतील त्यांनी हात वर करा, पोस्टानं नको, मी येऊन ट्रान्सफर करून घेईन, सांगली-इचलकरंजीपर्यंत तर नक्कीच.

आणि आयडलरचं: मिस्त्री म्हणलेत चार-पाच चाकं एकदम आली तर मँड्रेल एकदाच काढायचा, स्वस्तात पडेल. ज्यांना पाहिजे त्यांनी मॉडेल, भोकाचं माप आणि रबराची जाडी पाठवा. व्हर्नियरनं मोजून. पट्टीनं मोजलेलं माप मी मिस्त्रींपुढं ठेवणार नाही.