आज बॅकअपची सोय केली
मागच्या महिन्यात लॅपटॉपची हार्ड डिस्क गेली, त्यात बाबांच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो गेले. ते अजून सलतंय. केबलची डिस्क स्वस्त पडते, पण ती रोज आठवणीने जोडणार कोण? म्हणून आज राउटरला लावायचं, दोन डिस्कचं नॅस, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरून फाइली साठवायचं यंत्र, घेतलं. घरातले तिन्ही कॉम्प्युटर वायफायवरून आपोआप त्यावर कॉपी होतील. दोन्ही डिस्कवर तेच साठवायचं सेटिंग ठेवलंय, त्यामुळे एक डिस्क बिघडली तरी दुसरीवर सगळं राहतं. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून जाऊ शकते, म्हणून आणखी एक प्रत ताईकडे ठेवणार आहे. तुम्ही घेतलंत तर पहिली कॉपी केबलनेच करा. वायफायला १०० एमबीपीएसचा वेग मिळाला तरी ५०० जीबीला ११ तास लागतात! आत्ता आईचा लॅपटॉप लावलाय, ६२ टक्के झालंय.